नरसय्याचे चिंचोके

नरसय्याला कोणी विडी पुढे केली की तो आधी दोन्ही हात पाठीमागे न्यायचा आणि मग म्हणायचा, "वद्दु." वद्दु म्हणजे नको. तेलुगूतला हा एकच शब्द मला नीट येतो, आणि तो मी त्याच्याकडून शिकलो. हात मागे कशाला नेतोस, असे एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "तोंड माझं ऐकतंय तम्मी. हात लई लबाड हाय."

तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. मोडनिंबाहून सोलापुरात येऊन मी कापडगिरणीत लागलो, तेव्हा मला मिळालेला माग त्याच्या शेजारचा होता. वयाने तो माझ्याहून बराच मोठा, अंगाने काटकुळा, आणि मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. घरी तेलुगू बोलणारा हा विणकर मराठीही भराभर बोले, पण शब्दांच्या लिंगाशी त्याचे कायमचे वाकडे. त्याची बायको घरी 'आला', त्याचा माग 'बिघडली', आणि विडी तर जन्माचा पुरुष. आम्ही हसलो की तोही हसायचा, पण सुधारायचा नाही.

मागखात्यात सगळे माग एकदम चालत. तिथे घसा फोडून ओरडले तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून आम्ही एकमेकांचे ओठ वाचायचो आणि हातांनी बोलायचो. कपाळावर बोट आपटले की जाबर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम, आला असे समजायचे. ओंजळ केली की पाणी. आणि दोन बोटे ओठांना लावली की भिंतीआड विडी ओढायला चल.

ओठांचे तिथे आणखी एक काम होते. मागात आडवे सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचे आणि श्वास आत ओढून सुताचे टोक बाहेर काढायचे. सुताबरोबर कापसाचे तूस आत जाई, सुताला कडक करायला लावलेली खळ जाई, आधीच्या पाळीवाल्याची थुंकीही जाई. दिवसभर हेच चालायचे. त्याचे आम्हाला काही वाटत नसे, कारण ते काम होते.

खोकला आम्हा दोघांनाही होता. एका सुट्टीच्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो, तर बाकावर नरसय्या आधीच बसलेला. डॉक्टरांनी आमच्या छातीला नळी लावली आणि दोघांनाही एकच सांगितले, विडी सोडा, नाहीतर छाती कामातून जाईल. दुसरे काही त्यांनी विचारले नाही. माझा थोरला भाऊ खोकूनच गेला होता, त्यामुळे मी हादरलो. विडी मी आधीही सोडून पाहिली होती. सकाळी विड्यांचा कट्टा गटारात फेकायचा आणि संध्याकाळी ज्याच्या-त्याच्यापुढे हात पसरायचा, अशी माझी सोडण्याची तऱ्हा. परतताना मी हे सांगितले, तेव्हा नरसय्या रस्त्यातच थांबला.

"एकट्याला न्हाय सोडत तो. जाबरपेक्षा वाईट हाय. दोघं मिळून सोडू की."

मग त्याने खुणेचा अर्थच बदलला. दोन बोटे ओठांना लावली की यापुढे 'चल' नाही, तर 'तलफ आली, सांभाळ'. त्यावर दुसऱ्याने भाजलेला चिंचोका द्यायचा. खळीसाठी आणलेले चिंचोके गिरणीत पोत्यांनी पडलेले असत. नरसय्याची बायको राजव्वा ते वाळूत भाजून द्यायची. दगडासारखा तो चिंचोका गालात धरला की तासभर पुरे. मी खूण केली की नरसय्या आपल्या मागावरूनच नेम धरून फेकायचा. एकदा तो जाबरच्या पागोट्यात जाऊन बसला. जाबर गरगर फिरून पाहतोय आणि नरसय्या खाली मान घालून सूत जोडतोय, इतका सज्जन चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे तर, त्याच्या घरी होती. साखर पेठेतल्या त्या खोलीत राजव्वा दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात टेंभुर्णीची पाने. भिंतींना, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास. विडी सोडलेला माणूस तिथे झोपायचा कसा, हे मला कोडेच होते. तो म्हणायचा, "माझा बायको लई चांगला विडी वळतो. दुसऱ्याला मारतो, मला जगवतो." राजव्वा तेलुगूत काहीतरी तिखट पुटपुटायची आणि पान कातरायला घ्यायची.

एकदा गावाहून वडील गेल्याचा निरोप आला. मातीला पोहोचणे शक्यच नव्हते. त्या दुपारी माझी दोन बोटे ओठांवरून हलेनात. मी नरसय्याच्या घरी धावलो. त्याने मला आत येऊ दिले नाही, उंबऱ्याबाहेर बसवले, घराकडे पाठ करून. स्वतः शेजारी बसला. मी रडत होतो, आणि लाज वाटण्याजोगी गोष्ट म्हणजे बापासाठी रडतोय की विडीसाठी, ते मलाच कळत नव्हते.

"तलफ पाहुणा हाय," तो म्हणाला. "येतो, बसतो, जातो. तू फक्त ताट वाढू नको."

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही तसेच बसलो. पाहुणा गेला. त्या दिवसापासून मी त्याला अण्णा म्हणू लागलो.

तोही एकदा घसरला. जाबरने खूश होऊन दिलेली विडी त्याने ओढली आणि भिंतीआडून तडक माझ्याकडे आला. हातावर चिंचोका ठेवून ओठांनीच म्हणाला, आज तो जिंकला. मी किती दिवसांचे पाणी झाले ते बोटांवर दाखवू लागलो, तर त्याने माझी बोटे मिटवली. बाहेर आल्यावर म्हणाला, "दिवस मोजायचा न्हाय. मोजला की जड होतो."

हळूहळू माझा खोकला बसला. त्याचा बसला नाही. विडी पुरती सुटली, तरी तो माग धरून वाकायचा आणि खोकत राहायचा. भिंतीआडचे लोक चेष्टा करत, "विडी सोडून काय कमावलंस रे नरसय्या?" तो हात पाठीमागे नेऊन हसायचा. मला मात्र एकदा म्हणाला, "विडी सुटला रे तम्मी. धोटा कुटं सुटतोय?" मला ते नेहमीचे बोलणे वाटले. पुढे थुंकीत रक्त दिसू लागले आणि त्याची गिरणी सुटली. घर आता राजव्वाच्या विड्यांवर चालू लागले.

सुट्टीच्या दिवशी मी चिंचोके घेऊन जायचो. शेवटच्या दिवशीही बंडीच्या खिशात ते होते. तो डोळे मिटून पडला होता, छातीचा भाता आणि त्यावर वाकळ. राजव्वा शेजारी विड्या वळत होती. थांबून चालणारच नव्हते. दुपारी दूरवर गिरणीचा भोंगा झाला. नरसय्याचा हात हलला. बोटे ओठांपाशी गेली, त्याने श्वास आत ओढला आणि खोकला. पुन्हा बोटे ओठांशी नेली, पुन्हा ओढला.

आमची खूण मला कळणार नाही तर कोणाला? चिंचोका चघळण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. आता कशासाठी जपायचे, असे मनात आले. राजव्वाच्या सुपातली एक विडी घेतली, चुलीतल्या निखाऱ्यावर धरली. विडी पेटायची तर ओढावी लागते. मी ओढली. इतक्या काळाने धूर छातीत उतरला, आणि गोड लागला.

राजव्वाने माझ्या हाताला धरले. "भाऊ, विडी न्हाय मागत त्यो. कांडी घातली त्यानं. सूत वडतोय."

मी पाहिले. डावा तळवा धोटा धरल्यासारखा वाकला होता आणि अंगठा कांडी दाबत होता. माणूस पाळीवर गेला होता.

धुराच्या वासाने त्याने डोळे उघडले. विडीकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे. हात पाठीमागे नेणे त्याला जमेना, तेव्हा त्याने ते दोन्ही वाकळेखाली सारले. ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण आम्हाला आवाज कधी लागलाच नव्हता. वद्दु, तम्मी.

मी विडी राखेत विझवली. दिवस मावळायच्या आत तो गेला. मी राजव्वासमोर लहान पोरासारखा रडलो.

पुढच्या पाळीला त्याच्या मागावर बदलीचा आणखी एक नवा माणूस होता. माझी कांडी संपली. नवी घातली, धोटा ओठांपाशी नेला आणि श्वास आत घेता येईना. नव्या माणसाला वाटले, मी विडीची खूण करतोय. त्याने हसून भिंतीकडे मान वळवली. मी ओठांनी वद्दु म्हणालो. त्याला ते कळले नाही. त्याने कपाळावर बोट आपटले, जाबर येत होता.

मी धोट्याला तोंड लावले आणि सूत ओढले.