आमेन होईपर्यंत

सेलूच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा पप्पांची प्रार्थना अजून अर्ध्यावरच होती. माझ्या डोक्यावर हात, डोळे गच्च मिटलेले आणि प्रभूजवळ एकेका गोष्टीची विनवणी: हिला खोली बरी मिळू दे, शेजार बरा मिळू दे, पाणी बाधू देऊ नको. आई ओरडली, "अवो, गाडी निघायलीय!" पण पप्पा आमेन म्हटल्याशिवाय डोळे उघडणाऱ्यातले नव्हेत. मीच त्यांचा हात बाजूला सारून डब्यात चढले. लाज वाटली, दुसरं काय! सगळा डबा बघत होता. पप्पा गाडीबरोबर चालत राहिले आणि शेवटी खिडकीशी ओरडले, "जगात ऱ्हा माय, पण जगाची होऊ नको!"

सेलूजवळचं वालूर हे आमचं गाव, तिथल्या बाजारगल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. गावात आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. पप्पा दिवाळीचे झंपर शिवायचे, ईदचे कुर्ते शिवायचे, जयंतीचे पांढरे सदरे शिवायचे. रविवारी मात्र मशिनीवर चादर, अगदी दिवाळीच्या तोंडावरसुद्धा. गिऱ्हाईक आलंच तर शेजारचा पानवाला परस्पर सांगायचा, "आज मास्तर शिवायचे न्हाईत, उद्या या." लग्नाच्या पंगतीत वाढून झालं की ते डोळे मिटायचे, आणि वाढपी तेवढा वेळ वरणाची बादली घेऊन उभा राहायचा. मला वाटायचं, जगात राहून जगाचं न होणं, यात अवघड ते काय?

पुण्यात मी मॉलमधल्या कपड्यांच्या शोरूमला लागले. टेलरची पोर रेडिमेड विकायलीय, म्हणून आई लय हसली. रविवारी गर्दी जास्त, म्हणून माझी सुट्टी मंगळवारी. मंगळवारी चर्चला कुलूप.

माझ्यामागून गाव सोडलेल्यांनो, शहराला नावं ठेवू नका. प्रार्थना सोड असं मला कुणीही म्हणालं नाही. पहिल्याच आठवड्यात स्टोअररूममध्ये डबा उघडून मी डोळे मिटले, तर शेजारच्या मुलीनं विचारलं, "डोकं दुखतंय का गं?" बिचारीनं काळजीनंच विचारलं होतं. मी "हो" म्हणाले. तिनं पर्समधून गोळी काढून दिली, आणि न दुखणाऱ्या डोक्यासाठी मी ती घेतलीसुद्धा! त्या दिवसापासून माझी प्रार्थना म्हणजे दोन बोटांनी डोळे चोळणं. आधी चोळता चोळता मनात दोन शब्द तरी म्हणायचे. पुढे नुसतंच चोळणं राहिलं.

जगाची होणं म्हणजे काहीतरी मोठं, झगमगीत असेल असं वाटलं होतं. कसलं काय! दिवसभर उभं राहायचं, हसून साइज विचारायचा, सुजलेले पाय घेऊन खोलीवर यायचं आणि अंथरुणावर पडायचं. मोठं पाप करायलाही अंगात जोर लागतो. मी नुसती दमत गेले.

नाताळात सेल होता, रजा मिळाली नाही. जानेवारीत दोन दिवसांसाठी गेले. आईनं ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. पप्पा म्हणाले, "आज पाव्हणीनं प्रार्थना करायची." मी डोळे चोळले, भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला. मग वर पाहिलं. दोघंही हात जोडून, डोळे मिटून माझी वाट बघत होते. मी हातातली भाकरी ताटात ठेवली. बऱ्याच वेळानं पप्पांनी डोळे न उघडताच सुरुवात केली, "प्रभू, लेकरू लय दमून आलंय..." नंतर एका शब्दानं विचारलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

निघायच्या दिवशी सेलूला गाडी आली. मी सवयीनं डोकं पुढे केलं, पण पप्पांनी हात ठेवला नाही. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "तू कर."

मी बॅग खाली ठेवली. "प्रभू" म्हणाले आणि पुढे काही सुचेना. मग ती गोळी आठवली, आणि तिथूनच सांगायला लागले. मंगळवार, चोळलेले डोळे, कालचा घास, सगळं मोठ्यानं, भर प्लॅटफॉर्मवर. गाडीनं भोंगा दिला. आईचा हात माझ्या बाहीला लागला, पण तिनं ओढलं नाही. खिडक्यांतून लोक बघत असणार. बघू देत.

तुझं घर आता कोणतं, असं गावाकडचे विचारतात. वालूर दोन दिवसांपुरतं राहिलंय आणि पुण्यातली खोली भाड्याची. माझं आमेन होईपर्यंत जिथं कुणी डोळे उघडत नाही, तेवढ्या जागेला मी आता घर म्हणते.

आमेन म्हणून डोळे उघडले तर रूळ मोकळे होते.

"गेली व्हय गाडी?" पप्पांनी विचारलं.

"गेली."

"जाऊ दे. चल, च्या घिऊ. दुसरी येईल की."

चहा येईपर्यंत मी शोरूमला कळवायला फोन काढला. उद्या यायला उशीर होईल, असं लिहिलं. कारण म्हणून डोकं दुखतंय, असं मात्र लिहिलं नाही.