यशवंताच्या थर्मासातली शिशी

यशवंत माहा सख्खा धाकटा भाऊ. मी चवथी शिकलेला, तो नागपूरच्या प्रयोगशाळेत. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आमच्या साऱ्या बोथ मंडलात, म्हंजे तालुक्यात, असा दुसरा दाखवा, मिशी उतरवतो.

त्याचं काम नसेवरचं, जिच्यानं हातापायाले लागलेलं समजते त्या नसेवरचं. वायरीवर रबर असते, तसं नसेवर वेष्टण असते. त्यातलं एक प्रथिन सशाले टोचलं का ससा रक्तात त्याचा वैरी तयार करते. त्याले अँटीबॉडी म्हणतात. नसेच्या कापावर टाकली, का ती त्या प्रथिनालेच चिकटते. वेष्टण कुठं झडलं ते सूक्ष्मदर्शकात दिसते. एका शिशीले यशवंताले आठ महिने लागले.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात ती शिशी बर्फाच्या थर्मासात घालून तो हैदराबादले चालला होता. मी चिठ्ठी धाडून त्याले दुपारपुरता गावात उतरवला. बर्फ तेवढाच पुरणार होता, म्हणून चारची बस धरायची होती. अन् मी गावभर सांगून बसलो होतो, का माहा भाऊ मेल्या नसा जित्या करायची दवाई घेऊन येऊन राह्यला.

जेवण होत नाही तं शेजारची भागाकाकू उंबऱ्यात येऊन बसली. तिच्या पोराचा, देवाजीचा, पाय निखाऱ्यावर पडला तरी त्याले समजे नाही. दोन थेंब दे, मंगच उठतो म्हणे. उंबऱ्यात बसलेल्या मोठ्या माणसाले ओलांडणं आमच्यात पाप, अन् घराले दार एकच.

यशवंत माह्याकडं पाहे. दवाई नाही म्हणावं, तं मोठा भाऊ लबाड ठरते. मी ताटं उचलायले लागलो.

"काऊन रे यशवंता, दोन थेंबानं तुही शिशी आटते का?" काकू म्हणे.

बस भोंगा वाजवून गेली. यशवंतानं थर्मास उघडला, तं बर्फाचं कोमट पाणी. शिशी कामाची राह्यली का नाही, त्याले बी सांगता येईना.

मंग त्यानं देवाजीले बोलावलं, डोळे मिटायले लावले, कापसाची वात पायावर फिरवली. देवाजीले काईच समजलं नाही. पोटरीवर फिकट चट्टा होता. हा कुष्ठरोग दिसते, सरकारी दवाखान्यात याच्या गोळ्या फुकट भेटतात, लवकर घेतल्या तं पाय वाचते, असं यशवंत म्हणाला. काकूले पटलं नाही. तुह्या दादानं सांगितली तेच दवाई पाह्यजे, दवाखान्यात पोरगा धाडत नाही, असं म्हणत दिवेलागणीले घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभा राह्यलो.

"काकू, दवाई नव्हती ते. मीच फुशारकी मारली. यशवंत खरं बोलते."

 काकूनं पेटीतून देवाजीचं धुतलेलं धोतर काढलं अन् त्याले यशवंतासंग पहिल्या बसनं दवाखान्यात धाडलं.