वाजणारी वायर

मावशी वायरीची दोन टोकं टेस्टिंगच्या बोर्डाला लावायच्या, मान तिरकी करून डोळे मिटायच्या आणि बझर वाजला की म्हणायच्या, "पास! फुडची द्या." त्यांच्या नावाची आम्हाला कधी गरजच पडली नाही. चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरातल्या. आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग तयार होतं आणि प्रत्येक वायर त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय गेटबाहेर पडायची नाही. याचा त्यांना केवढा तोरा! अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

एकदा माल परत आला. तक्रार अशी की हेडलाइट मिणमिणतोय आणि वायर टोकाशी तापतेय. मावशींनी तीच वायर बोर्डाला लावली. बझर खणखणीत वाजला.

"वाजतंय की ओ सर!"

मी क्वालिटीवाला, म्हणजे समजावणं माझ्या गळ्यात. म्हटलं, "मावशी, आतल्या बहुतेक तारा तुटल्यात. एक-दोन उरल्यात, त्याही ढिल्या. बझरला चिमूटभर करंट पुरतो, हेडलाइटला भरपूर लागतो. या ढिल्या जागी अडथळा होतो आणि बॅटरीचं बरंचसं व्होल्टेज तिथंच खर्ची पडतं."

"म्हंजे तितं करंट कमी?"

"नाही, करंट सगळ्या वायरीत सारखाच."

"मग दिवा का मिणमिणतोय?"

"करंट कमी झाला म्हणून."

"आत्ता तर सारखाच म्हनला!"

म्हणालो होतो खरा. सगळीकडे सारखाच, पण सगळीकडेच कमी! हे बोलताना माझंच डोकं गरगरलं. व्होल्टेज खर्ची पडतं आणि करंट पडत नाही, हे मी चहाच्या कपावर दाखवायला गेलो आणि चहा सांडला.

सुपरवायझरला एवढा वेळ नव्हता. त्याने मावशींना बोर्डावरून उठवून पॅकिंगला पाठवलं.

मावशींनी दोष स्वतःच्या कानांना दिला. रहाटणीला लेकीकडे जाऊन कान तपासून आल्या. "डाक्टर म्हनला, कान चांगलं हाईत. मग मला काय ऐकू आलं न्हाई, सांगा की."

"बझर बरोबर वाजला आणि तुम्ही बरोबर ऐकलंत," मी म्हणालो.

"दोन्ही बरोबर, मग मी हितं खोकी का चिकटवतीय?"

मला फार वाईट वाटलं. पुढे त्या यायच्याच बंद झाल्या.

मग खरं कारण सापडलं. वायर सोलण्याच्या मशीनचं पातं खोल बसत होतं, आवरणाबरोबर तारा कापत होतं. मी सुटी बघून मावशींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"चूक तुमची नव्हती मावशी, पात्याची होती."

त्यांचे डोळे भरून आले. पदराने पुसत त्या हसल्या. "व्हय? मग त्याला कुटं धाडलं? पॅकिंगला?"

"नाही. सेटिंग करून परत बसवलं."

"त्येच्याच जाग्यावर?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बसा, च्या टाकते," म्हणत त्या आत गेल्या. बराच वेळ झाला, तरी बाहेर आल्या नाहीत.