सावंतकाकांचा पंप

"मॅडम, आधी हा बाजार उचला, मग पायाला हात लावा," सावंतकाका म्हणाले.

बाजार म्हणजे पलंगावर मांडलेली रंगपेटी, शब्दकोड्यांची पुस्तकं आणि भिंतीला टेकवलेला नवा कोरा कॅरम बोर्ड. हे सगळं त्यांच्या मुलानं, नितीननं, मोठ्या हौसेनं आणलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. सामान हलवणं त्यात येत नाही, पण त्या दिवशी हलवलं. नाहीतर त्यांनी पाय उचलला नसता.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मीरा रोडला पूनम सागरमधली चार मजल्यांची, बिनलिफ्टची बिल्डिंग. काका दुसऱ्या मजल्यावर. कंपनीत फिटर होते, रिटायर झाल्यावर परळची खोली विकून इकडे आले. माणूस काटक, एका जागी बसणारा नव्हे. सोसायटीच्या पंपरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून प्लेट-स्क्रू बसवले आणि हॉस्पिटलनं घरी पाठवलं.

लोकांना वाटतं, हाड जुळलं की झालं. तसं नसतं. या वयात खरी भीती झोपून राहण्याची. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, मांड्या वाळतात. म्हणून पेशंटला लवकर उभं करायचं, वॉकर धरून थोडं थोडं वेट बेअरिंग सुरू करायचं. वेट बेअरिंग म्हणजे ऑपरेशनच्या पायावर अंगाचा भार टाकणं. काका टाकेनात. डोळे मिटून पडायचे आणि म्हणायचे, "कशाला उठू? सोंगट्या मारायला?"

नितीननं मला किचनमध्ये बोलावून गळ घातली, डॉक्टर, बाबांना एखादी हॉबी लावा ना, मन रमेल. मी म्हटलं, अहो, हॉबी काय गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ द्यायला? पण मग विचार केला, या घरात ज्याची हॉबी त्याला कुणीच विचारत नाहीये. मी काकांनाच विचारलं, पडायच्या आधी दिवसभर काय करायचात?

तेव्हा माणूस पहिल्यांदा उशीला टेकून बसला. म्हणाला, "पंप."

आमच्या भागात तेव्हा पाण्याचं काही खरं नसायचं. आज सकाळी, उद्या दुपारी, परवा नाहीच. आलेलं पाणी खालच्या टाकीत पडायचं आणि ते पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागायचं. खालची टाकी रिकामी असताना मोटर चालू राहिली की ती जळते. त्यामुळे काठी घालून पाणी बघायचं, हिरवं बटण दाबून मोटर चालू करायची, वेळेवर लाल बटण दाबून बंद करायची आणि तोवर तिथंच थांबायचं. हे काम काकांनी आपणहून घेतलं होतं. पगार नाही, मान मात्र दांडगा. गॅलऱ्यांतून बायका विचारायच्या, "अंकल, पानी आया क्या?" आणि काकांनी हो म्हटल्याशिवाय कुणाच्या घरी कपडे भिजत पडायचे नाहीत. हे सांगताना ते चक्क हसले.

मग मला म्हणाले, "पंपापर्यंत न्याल?"

"तुम्ही चाललात तर नेईन."

दुसऱ्या दिवसापासून पेशंट बदलला. मांडी आवळायचा व्यायाम मी सांगायच्या आधीच सुरू. वॉकर गेला, काठी आली. जिन्याचा नियम त्यांनी पाठ केला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काकू खूश, मीही खूश. अशी केस मिळाली की मला स्कूटीवर गाणं सुचतं.

एकदा व्यायाम संपवून मी खाली उतरले तर पंपरूमपाशी नितीन आणि सोसायटीचे चेअरमन मेहताभाई इलेक्ट्रिशियनला सूचना देत उभे. खालच्या टाकीत फ्लोट बसवत होते. पाणी चढलं की तो तरंगतो, मोटर आपोआप चालू. पाणी उतरलं की आपोआप बंद. माणसाची गरज नाही.

मी नितीनला म्हटलं, हे बाबांना माहीत आहे का? तो म्हणाला, नाही, आणि तुम्हीही सांगू नका. ते परत तिथं जाऊन पडले तर? रात्री झोप लागत नाही मला. यात त्याचं काय चुकलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मेहताभाईंनी वर तोडगा काढला. जुनी बटणं भिंतीवर तशीच ठेवायची, वायर काढून. काका आले की हिरवं बटण दाबतील आणि त्याच वेळी वॉचमन त्याच्या केबिनमध्ये वायर ओढून बसवलेल्या नव्या स्विचवरून मोटर चालू करेल. "अंकल खुश हो जाएंगे," ते म्हणाले. मनानं चांगला माणूस. मी म्हटलं, अहो, ते फिटर आहेत, त्यांना लहान मूल समजताय का? नितीन म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही पाय बघा, बाकीचं आम्ही बघतो." मला असा राग आला! पण सांगितलं तर काका पुन्हा पलंग धरतील, हेही दिसत होतं. मी पाय बघितला.

ठरल्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. दुखरा पाय आधी, एकेक पायरी, कठडा धरून. मी एक पायरी खाली. मजल्यामजल्यावर लोक दारात आलेले. पंपरूममध्ये त्यांनी हिरवं बटण दाबलं. क्षणभर काही नाही, मग मोटर सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नितीनचे डोळे भरून आले.

काकांनी मोटरकडे पाहिलं. मग लाल बटण दाबलं.

त्याचा विचार कुणी केलाच नव्हता. मोटर चालूच राहिली.

त्यांनी पुन्हा दाबलं. टाळ्या थांबल्या. मेहताभाई पुढं झाले, अंकल, आपको तकलीफ ना हो इसके वास्ते, असं काहीतरी सांगू लागले. मला वाटलं, आता काका भडकणार. भडकले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "अच्छा किया." मग वॉचमनच्या केबिनपर्यंत गेलेली वायर नजरेनं पाहून घेतली आणि नितीनला म्हणाले, "ही पायात येईल कुणाच्या. वरून घ्यायला सांग."

वर जाताना चांगला पाय आधी टाकायचा, तेही मला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर काकांनी कशालाच नाही म्हटलं नाही. व्यायाम? हो. फिरायला गॅलरीत? हो. माझं काम संपलं तेव्हा ते काठीशिवाय चालत होते आणि नितीननं मला पेढे दिले. पुढे भाईंदरला केबिन रोडवर काकू भेटल्या. मी पायाची चौकशी केली. म्हणाल्या, "पाय छान आहे हो. पण खाली चला म्हटलं की विचारतात, कुठे?"

आता नव्या पेशंटच्या घरी गेले की पहिल्या दिवशी मी विचारते, बरं झाल्यावर कुठं जायचंय? पेशंट सांगतो. मग घरच्यांना बाजूला घेते आणि सांगते, पाय मी चालता करीन, तोवर ती जागा तेवढी मोडू नका.