झेड कुठे गेला?

चिकपेटेतल्या साडीच्या दुकानात, मालक आणि विणकर दोघांच्या देखत, माझ्या बायकोने पेन ड्राइव्ह संगणकाला लावला आणि पडद्यावर उघडली ती माझी गाडीत ऐकायची गाणी. दोन्ही पेन ड्राइव्ह काळे, दोन्ही फ्रिजवरच्या वाडग्यात. सकाळी ती घाईत होती, म्हणून "तू चपला घाल, मी देतो" असं म्हणून मीच तो तिच्या पर्समध्ये टाकला होता. मला मदत करायची फार हौस आहे. ती निस्तरायचं काम बहुतेक वेळा तिच्याकडे जातं.

तिचा फोन आला तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीत, ऑफिसात होतो.

"अहो, ह्यात नुसती गाणी आहेत."

"कुठली?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, हे विचारल्यावर कळलं.

ती साड्यांच्या काठांची नक्षी संगणकावर काढते. आजवर दुसऱ्यांची चित्रं नीट करून द्यायची. ही पहिली तिची स्वतःची. मल्लेश्वरमला तिच्या माहेरी खिडकीच्या लोखंडी गजांमध्ये एक वेल आहे. लहानपणापासून पाहिलेली ती वेल तिने काठावर उतरवली होती. दुकानाचे मालक, म्हणजे अण्णा, ती विणकराला दाखवणार होते. विणकराचा एक माग रिकामा होता आणि दुपारचं जेवण झालं की तो गावाला परत निघणार होता. तोवर नक्षी हाती पडली नाही, तर मागावर दुसऱ्या कुणाची तरी चढणार. आणि घरी जाऊन ती आणायची म्हणजे तिलाही आणि मलाही मधल्या सिग्नलांवरच संध्याकाळ झाली असती.

"काळजी करू नकोस, इथून पाठवतो. दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. माझी दोन मिनिटं ती लग्नापासून ओळखते. ती नुसतं "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे तिच्या मराठीत सरी आणि स्वल्प असे कानडी पाहुणे कायमचे राहायला आले आहेत. मी पुण्याचा, मला तो "सरी" जरा थंड वाटला.

पण माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. आमच्या हॉलमधल्या कपाटात फाइली साठवायचा एक डबा आहे. घरच्या संगणकावर तो 'झेड' नावाचा ड्राइव्ह म्हणून दिसतो. बायकोचं सगळं काम त्या झेडमध्ये. आणि रविवारीच मी अशी सोय करून ठेवली होती की माझ्या लॅपटॉपवरून घरच्या संगणकात पासवर्ड न टाकता शिरता यावं. लॅपटॉपमध्ये एक डिजिटल किल्ली ठेवायची, घरचा संगणक ती ओळखतो आणि दार उघडतो. "आता पासवर्डची कटकटच नाही," असं मी जेवताना सगळ्या टेबलाला ऐकवलं होतं. टेबलाला म्हणजे तिला.

नुसत्या अक्षरांचा तो काळा पडदा उघडला, आज्ञा दिली आणि खरोखरच क्षणात घरात पोचलो. मी कोण, असं संगणकाला विचारलं. त्याने बरोबर आमच्या खात्याचं नाव सांगितलं. मग झेड उघड म्हटलं, तर म्हणाला, असा ड्राइव्हच नाही.

सकाळी तर होता! आधी वाटलं, डबाच गेला. झेड हे नाव सोडून थेट डब्याच्या पत्त्यावर गेलो. तिथून उत्तर आलं: प्रवेश नाही. ते वाचून मला इतका आनंद झाला की शेजारच्या सहकाऱ्याने मान वर करून पाहिलं. नाही म्हणायला तिथे कुणीतरी होतं ना! मेलेला डबा नकार देत नाही.

मग मात्र डोकं खाजवायला लागलो. संगणक तोच, खातं तेच, डबाही तोच. हॉलमधल्या खुर्चीत बसलेल्या मला झेड दिसतो आणि लांबून आलेल्या मला दिसत नाही, तर आम्हा दोघांत फरक काय? चिकपेटेत माणसं खोळंबलेली असताना असल्या प्रश्नात रमणं बरं नव्हे, पण रमलो.

उत्तर मिळालं ते आमच्या सोसायटीच्या फाटकामुळे. मागे एकदा मी फिरून येत होतो. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने चेहरा पाहिला, "बन्नी सर" म्हणून आत सोडलं. काही विचारलं नाही. तसाच ऐटीत पार्सलच्या खोलीकडे गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "ओटीपी हेळी सर." सांगायचा ओटीपी बायकोच्या फोनवर. मी म्हटलं, अहो, फाटकावर मला ओळखतात. तो म्हणाला, ते फाटक.

तसंच हे होतं. खुर्चीत बसून मी पासवर्ड टाकून आत शिरतो, तेव्हा त्याच पासवर्डाने संगणकातली तिजोरी उघडते. डब्याचा पासवर्ड त्या तिजोरीत. संगणक तो काढतो, डब्याला दाखवतो आणि झेड जोडून देतो. किल्लीने आलेला मी ओळखीवर आत आलेला. माझ्याकडे पासवर्ड मागितला नाही, मी दिला नाही, त्यामुळे तिजोरी बंद आणि पुढच्या दारी दाखवायला हातात काहीच नाही. कटकट म्हणून जे टाकून दिलं होतं, तेच पुढे लागणार होतं.

आता डब्याचा पासवर्ड स्वतः सांगून झेड नव्याने जोडायचा, एवढंच. फक्त तो मला ठाऊक नव्हता. डबा आणला तेव्हा बायकोने ठेवला होता. अंदाजाने एक टाकला, चुकला. आणखी चुकलो तर डबा कुलूप लावून बसला असता. निमूटपणे फोन केला.

"अगं, त्या डब्याचा पासवर्ड काय ठेवलायस?"

पलीकडे पंखा घरघरत होता. बायको आवाज दाबून म्हणाली, "ह्यांना विचारू नका."

हे माझ्यासाठी नव्हे असं मला वाटलं. अण्णांनी काहीतरी विचारलं असणार आणि ही त्यांना माझ्याबद्दल सांगत असणार. वाईट वाटलं, पण गाण्यांचा पेन ड्राइव्ह देणाऱ्याने किती वाईट वाटून घ्यायचं? थोडं थांबून म्हटलं, "झालं असेल बोलून तर पासवर्ड सांग."

"सांगितला की आत्ता."

"मला कुठे? तू अण्णांशी बोलत होतीस."

"अण्णांना कशाला सांगू? ह्यांना विचारू नका."

"कुणाला विचारू नको?"

"अहो, तोच पासवर्ड आहे!"

हे तिने दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं. अण्णांच्या घरातही मराठीच बोलतात. ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"इंग्रजी अक्षरांत लिहा, सगळं जोडून," ती म्हणाली. मी लिहिलं. डबा नाही म्हणाला.

"वायपासून सुरू केलंत ना?"

"यांना. मग कशापासून करू?"

"आधी एच. ह्यांना. तुमच्या पुण्यात काय म्हणतात ते पुण्यात."

एच लावला आणि झेड आला. तिची वेल त्यात सुखरूप होती. ती उचलली आणि अण्णांच्या मेलवर धाडली. विणकर हात धुवून जेवायला बसत होता. त्याने ताट बाजूला सारून पाहिली, असं तिने नंतर सांगितलं. वेलीचं एक वळण मागावर बसणार नाही म्हणाला, तेवढं तिने तिथेच अण्णांच्या संगणकावर सैल करून दिलं. नक्षी त्याच्याबरोबर गावाला गेली. माझी गाणी अण्णांनी ठेवून घेतली.

संध्याकाळी ती आली ती चिकपेटेतल्या गर्दीने दमलेली, पण चेहरा उजळलेला. मी चहा ठेवला, आणि फाटक, पार्सल, तिजोरी हे सगळं तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"पण असा का ठेवलास गं पासवर्ड?"

"इथे काय लिहू, असं तेव्हा तुम्हाला विचारलं, तर तुम्ही चांगला पासवर्ड कसा असावा ह्यावर व्याख्यान सुरू केलंत. चहा दोनदा गरम केला मी. मग जे मनात आलं ते लिहिलं."

"आता अख्ख्या दुकानाला कळलाय. बदलायला हवा."

"मघाशीच बदलला."

"काय ठेवलास?"

"मला विचारा."

"तुलाच विचारतोय ना. काय ठेवलास?"

तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सांगितला की आत्ता."