अकरा लाल बासनं

कुठल्याही कागदावर विश्वास न ठेवणारा आणि तरीही एकही कागद टाकून न देणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. छापलेल्या कागदात चूक असणारच, अशी अण्णांची पक्की खात्री. हवाई दलात त्यांनी बावीस वर्षं विमानांतले रेडिओ दुरुस्त केले. तिथे प्रत्येक रेडिओचं जाडजूड माहितीपुस्तक असे. त्यात काही बदल झाला की वरून दुरुस्तीची चिठ्ठी येई. ती नेमक्या ओळीवर डकवायची, पहिल्या पानावर नोंद करायची, खाली सही करायची. नोकरी संपली, पंचवटीत दोन खोल्यांचं घर झालं, तरी अण्णांची चिठ्ठी आणि गोंद काही सुटला नाही. पंचांगात चिठ्ठी, रेल्वेच्या वेळापत्रकात चिठ्ठी. सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीत 'मीठ चवीपुरते' या शब्दांवर चिठ्ठी डकवलेली होती: 'दीड चमचा, सपाट.' आमच्या लग्नपत्रिकेत माझ्या वडिलांचं नाव चुकलं. दुसरा कोणी असता तर पेनाने खोडून मोकळा झाला असता. अण्णांनी साडेतीनशे चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि सगळं घर बसवून प्रत्येक पत्रिकेवर डकवल्या. गोंदाने ताठ झालेली ती पत्रिका हातात घेऊन माझ्या आत्याने विचारलं होतं, "मुलीकडच्यांचा बाइंडिंगचा धंदा आहे का रे?"

दुसरं त्यांचं वेड म्हणजे नेआणीची वही. घरातली वस्तू बाहेर जाणार असेल तर त्या वहीत वस्तूचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नेणाऱ्याची सही आणि परत आल्याची तारीख, असे चार रकाने भरावे लागत. लग्नानंतर मी एकदा त्यांच्याकडून पक्कड मागून नेली. जावई म्हणून नारळ-टोपी मिळाली त्याच पाटावर बसून मला सही करावी लागली. अण्णा सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारून देत, म्हणजे माणूस चुकायला नको. "जावईबापू, इथं," म्हणाले. मी चिडून म्हटलं, "अण्णा, मी पक्कड घेऊन पळून जाणार आहे का?" ते शांतपणे म्हणाले, "पळणारे सही करत नाहीत. विसरणारे करतात." त्या दिवशी मला हा माणूस भयंकर हेकट वाटला, आणि खरं सांगायचं तर पुढेही बरीच वर्षं तसाच वाटत राहिला.

पण या सगळ्याच्या मुळाशी होत्या दोन पत्र्याच्या ट्रंका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ते निवृत्त व्हायच्या सुमारास, दूर उत्तरेतल्या त्यांच्या डेपोत जुन्या विमानांची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. ती विमानं उडायची बंद झाली होती, मग त्यांच्या रेडिओचे नकाशे कुणाला हवेत? खड्डा खणला, रॉकेल आलं, आणि अण्णा खड्ड्याच्या काठावर अर्ज घेऊन उभे राहिले. साहेबाने वैतागून लेखी परवानगी दिली. अकरा पुस्तकं आगीतून वाचली. परतीच्या गाडीत ट्रंका बाकावर आणि अण्णा खाली, असा प्रवास झाला. सामान जास्त झालं म्हणून सासूबाईंचं शिवणयंत्र तिकडेच कुणाला तरी देऊन टाकावं लागलं. "माझं मशीन राहिलं आणि ह्यांची रद्दी आली," हे वाक्य मी त्या घरात जेवायला बसलो आणि ऐकलं नाही, असं कधी झालं नाही.

अण्णांचं म्हणणं एवढंच की कधी ना कधी, कुणीतरी, एखादं जुनं विमान पुन्हा उभं करील. यंत्र मिळेल, सुटे भाग मिळतील, पण कुठली तार कुठे जाते हे सांगणारा कागद नसेल तर रेडिओ म्हणजे नुसता डबा. म्हणून जिथे जिथे जुनं विमान मांडून ठेवलंय असं कानावर येई, तिथे ते पत्र टाकत: 'आपल्या विमानाच्या रेडिओची कागदपत्रे माझ्याकडे सुरक्षित आहेत. केव्हाही मागावीत.' एकाही पत्राला उत्तर आलं नाही. एका गावात नगरपालिकेने बागेत विमान बसवलं होतं. तिथे जाऊन अण्णांनी माळ्याशी तासभर वाद घातला, की एरियल उलटीकडून बसवलीय. माळी म्हणाला, "बाबा, पोरं त्याच्यावर घसरगुंडी खेळतात, तुम्ही कशाला रगत आटवताय?" ही गोष्ट मी अंबडच्या कारखान्यात डबा खाताना किती जणांना सांगून हसवलं असेल! आता ती मी सांगत नाही.

एकदा अण्णा बाहेर गेलेले पाहून सासूबाईंनी रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने तराजू काढला आणि अण्णा दारात. ते ओरडले नाहीत. ट्रंकेवर बसले ते दोन दिवस जेवले नाहीत. सासूबाई येवल्याच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "एवढी माया पोथ्यांवर केली असती तर काही पुण्य तरी पदरात पडलं असतं! पोथी असती तर मी बोटसुद्धा लावलं नसतं." त्यानंतर महिनाभरात ट्रंका रिकाम्या दिसल्या. विचारलं तर अण्णा म्हणाले, "कागद योग्य जागी ठेवले." आम्हाला वाटलं, दिले कुणाला तरी. सगळ्यांनी हुश्श केलं.

आणि मग अण्णा देवाला लागले. देवघराच्या फळीवर लाल खारव्यात बांधलेली अकरा बासनं आली. सासूबाईंनी समजूत करून घेतली, की गावाकडच्या भाऊबंदांकडून वाटणीच्या पोथ्या आल्या. रोज आंघोळ करून अण्णा दाराकडे पाठ करून पाटावर बसत, एकेक बासन सोडत, पानामागून पान उलटत, मधे वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालत आणि पुन्हा गाठ मारत. सासूबाई शेजारणींना सांगत, "उशिरा का होईना, पण बुद्धी झाली." मी सुशिक्षित गाढव. अकरा पुस्तकं गेली आणि अकरा पोथ्या आल्या, ही बेरीज माझ्या डोक्यात सहा-सात वर्षांत एकदाही शिरली नाही.

पुढे अण्णांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी त्यांना दवाखान्यात ठेवलं, आणि इकडे दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा म्हणून देवघर रिकामं केलं. फळीला वाळवी लागलेली. दोन बासनांच्या कडा खाल्लेल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जीर्ण पोथ्या घरात ठेवू नयेत. ते आल्यावर बघतील आणि जीवाला लावून घेतील. त्यापेक्षा मानाने गंगेला द्या." मी म्हटलं, "उघडून तर बघू, बाकीच्या चांगल्या असतील." त्या म्हणाल्या, "कारखान्यातनं आलायत तसेच? पारोशाने पोथीला हात लावता?" आंघोळीला दहा मिनिटं लागली असती, गाठ सोडायला एक. मला कंटाळा आला. हो, कंटाळाच, दुसरा शब्द नाही. सायकलला दोन पिशव्या अडकवून मी गोदावरीवर, रामकुंडाच्या खालच्या अंगाला गेलो, हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला आणि अकराच्या अकरा बासनं पाण्यात सोडली. जड होती, पटकन गेली. घरी येऊन मी चहा मागितला.

अण्णा हिरवा चष्मा लावून घरी आले. अजून सगळं धूसरच दिसत होतं, त्यामुळे देवघराची रिकामी फळी त्यांच्या लक्षात आली नाही, आणि सासूबाईंनीही तो विषय काढला नाही. त्यांना वाचायची मनाई होती, म्हणून टपाल मी वाचून दाखवत असे. तिसऱ्याच दिवशी ते पत्र आलं. हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी. मित्रांच्या मदतीने जुनं विमान पुन्हा उभं करत होते. सगळं जमलं होतं, रेडिओ तेवढा मुका होता, कारण तारांचा नकाशा कुठेच मिळत नव्हता. 'आपले काही वर्षांपूर्वीचे पत्र एका जुन्या फायलीत सापडले. कागद अजून आपल्याकडे असल्यास मी स्वतः नाशिकला येतो.' अण्णांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. हिरव्या काचांखालून पाणी ओघळत होतं, आणि मी वेड्यासारखा म्हणत होतो, "अण्णा, डोळ्यांना ताण नको." ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग हळूच, सासूबाई स्वयंपाकघरात आहेत हे ऐकून घेऊन म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला म्हणून सांगतो. देवघरातलं डावीकडचं तिसरं बासन काढा. त्या पोथ्या नाहीत."

मी काय बोललो, कसं सांगितलं, मला आठवत नाही. एवढं आठवतं की ते बराच वेळ चष्मा सारखा करत राहिले. मग विचारलं, "गाठी सोडल्या होत्या?"

"नाही, अण्णा."

"बरं झालं. पानं एका ठिकाणी राहतील."

उत्तर त्यांनी मलाच लिहायला लावलं. 'कागद गहाळ झाले. जबाबदारी माझी आहे. मी त्यांच्यावर खरे नाव लिहिले नव्हते.' माझं नाव घालतो म्हटलं तर हात धरला. म्हणाले, "आणि हिला कळू देऊ नका. पोथ्यांचं पुण्य लागलं म्हणून ती सुखात आहे. राहू दे." त्यानंतर ते दोन वर्षं जगले. माझ्याशी अगदी पूर्वीसारखे वागले, आणि माझ्यावर खेकसले असते तर फार बरं झालं असतं. देवघरापुढे मात्र ते पुन्हा बसले नाहीत. चिठ्ठ्या डकवणंही बंद झालं. सासूबाई एकदा आपणहून म्हणाल्या, "अहो, वहीत मिठाचं काही बदलायचंय का?" तर म्हणाले, "आहे ते ठीक आहे."

ते गेल्यावर नेआणीची वही माझ्याकडे आली. शेवटची नोंद ऑपरेशननंतरची, अक्षर मोठं आणि वाकडं. वस्तू: पुस्तके, अकरा. नेणाऱ्याचे नाव: गोदावरी, जावयांच्या हस्ते. परत आल्याची तारीख कोरी. आणि नेणाऱ्याच्या सहीच्या रकान्यात पेन्सिलीने मारलेली बारीक फुली. दोन वर्षं ती वही त्यांच्या उशाशी होती, मी रोज तिथे बसत होतो, आणि त्यांनी एकदाही म्हटलं नाही, "जावईबापू, इथं." मी त्या फुलीवर सही केली. पेन्सिल इतकी पुसट झाली होती की जागा शोधायला मला वही खिडकीशी न्यावी लागली.