गाऊन राहिलो

आधी विमलताईंचं नाव घेतो, मग प्रवासाचं सांगतो. नागपुरात हुडकेश्वरला त्यांच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहिलो. त्या नसत्या तर पहिल्याच आठवड्यात परतीची गाडी धरली असती.

मी मालवणकडचा. आठवीत शाळा सुटली. आधी रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढली, मग पीओपीचं काम शिकलो. त्याच कामासाठी नागपूरला निघालो. जमीन संपली की समुद्र लागतो, एवढाच भूगोल मला ठाऊक. खिडकीतून बघतोय तर जमिनीपुढे पुन्हा जमीनच. छाती दडपली.

पहिल्या सकाळी विमलताईंनी तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) दिले. मी डोळे पुसत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय करून राहिला गा?"

मला वाटलं, किती दिवस राहणार असं विचारतायत. म्हटलं, "पीओपी करून सहा महिने राहणार."

त्यांची मुलगी प्रणाली हसत खालीच बसली. इकडे 'करून राहिला' म्हणजे 'करतोयस', हे तिनेच मग समजावलं.

पुढे प्रणालीचं लग्न ठरलं. हळदीला घरच्या प्रत्येकाने आपापल्या गाण्यावर मंडपात यायचं, असं तिने काढलं. वाजलं की न बघता माणूस ओळखू यावा, असं गाणं हवं. तिला भाऊ नाही. "दादा, तुलेही गाणं सांगाच लागते," म्हणाली आणि भावाच्या जागी मला धरलं. माझी झोप उडाली. माझं हसं झालं तर होवो, पण चार लोकांत तिचा शब्द पडायला नको.

विमलताईंबरोबर सीताबर्डीला खरेदीला गेलो. तिथे एका मेट्रोच्या डोक्यावरून दुसरी मेट्रो आडवी चाललेली. मी मान वर करून उभा, मागच्याने "चलो भाऊ" म्हणून ढकललं तेव्हा हललो. दुकानादुकानांत गाणी वाजत होती. शर्ट छातीला लावून बघावा तसं एकेक गाणं मनात लावून बघितलं. कुठलं रुबाबाचं, कुठलं प्रेमाचं. शर्ट मिळाला, गाणं काही मिळेना.

येताना ताईंनी दीक्षाभूमीवर नेलं. त्या घुमटाखाली एवढी माणसं होती, तरी स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्यांच्या आजेसासऱ्यांनी इथेच धम्म घेतला, असं त्या हळूच म्हणाल्या. तुम्ही गाणं कसं निवडलंत, मी विचारलं. निवडायचं काय त्यात, त्या म्हणाल्या. लहानपणापासून उठता-बसता तोंडात असलेलं बाबासाहेबांचं गाणं, तेच.

हळदीला त्या त्याच गाण्यावर आल्या आणि अख्खा मंडप टाळ्या धरून उभा राहिला. मग माझी पाळी. साउंडवाल्याने विचारलं, "भाऊ, कोणतं लावू?" मी फाटकाकडे वळलो.

हळदीच्या हातांनीच विमलताईंनी मनगट धरलं. "काहून चालला गा? तू तर रोज गाऊन राहिला. भिंतीपलीकडून मले ऐकू येते ना."

मी? गातो? त्यांनी आपल्या सुरात म्हणून दाखवलं, "हेऽ हैशा." ती आमच्या रापणीची हाक. एका दोरावरची माणसं ती देतात, दुसऱ्या दोरावरची 'हो हैशा' म्हणून ओढतात. इथे खोलीत मी एकटाच, म्हणून नकळत नुसती हाकच देत असणार.

मी घसा साफ केला. "हेऽ हैशा."

"हो हैशा," विमलताई म्हणाल्या. मागोमाग बायका म्हणाल्या, पोरं म्हणाली. साउंडवाल्याने यंत्र बंद ठेवून टाळ्या धरल्या. कुणी दोर ओढतंय तसा मी प्रणालीपर्यंत पोचलो. तिने गालाला हळद फासली आणि सासरच्यांना सांगितलं, "हा माझा दादा."

काम संपलं, आता गाडीत बसून हे लिहितोय. खिडकीबाहेर तीच न संपणारी जमीन आहे, पण या खेपेला छाती दडपली नाही. एवढ्या जमिनीपलीकडेही कुणीतरी दोर धरलेला आहे, हे कळलंय.

विमलताईंनी समुद्र पाहिलेला नाही. ताई, एक दिवस तुम्हाला आमच्या किनाऱ्यावर आणीन आणि रापणीचा दोर तुमच्या हातात देईन. त्या दिवशी हाक तुम्ही द्यायची. 'हो' मी म्हणेन.